तीन घड्यांची नोट

१

तिला सगळे कागदबाई म्हणत. घडीवर तुटलेले जन्माचे दाखले, वाळवीने खाल्लेली खरेदीखतं, पाण्यात भिजून फुगलेल्या वह्या, असलं काही हातात आलं की लोक तिचा पत्ता विचारत यायचे. मूळ धंदा नवऱ्याचा, पुस्तकं बांधण्याचा. तो गेला तेव्हा कागद दाबायचा लोखंडी शिकंजा, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि खळीचं पातेलं एवढंच तिच्या वाट्याला आलं. त्यावर तिने अठरा वर्षं काढली. घर माडीवरचं, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत राहणं, मागच्या खोलीत काम. कामाच्या खोलीत ती कोणालाही चपला घालून येऊ देत नसे आणि पंखाही लावत नसे.

काम करताना ती बोलायची नाही. कारण विचारलं तर सांगे, की तोंडातून थेंब उडाला तरी जुनी शाई फुटते. ते खरंच होतं. पण समोरचा एक दात कित्येक वर्षं अर्धा तुटलेला होता, हेही खरं होतं. हसताना तिचा हात आपोआप ओठांवर जायचा.

तिचा दीर जुन्या नोटांचा व्यापारी होता. बाजारातल्या एका इमारतीत जिन्याखाली त्याचं काचेचं कपाट होतं, आणि त्या कपाटाएवढी जागाही तो दुकान म्हणून मिरवायचा. बोलायला गोड, माणूस तसा वाईट नाही. नवरा गेल्यावर वर्षभर तिच्या घरचं धान्य त्यानेच भरलं होतं आणि नंतर एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवलं असतं तर तिला हलकं वाटलं असतं.

त्याच्या धंद्यात घडीसारखा शत्रू नाही. कोरी नोट आणि एकदाच दुमडलेली नोट यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून तो मळक्या, सुरकुतलेल्या नोटा तिच्याकडे आणायचा. ती त्या कोमट पाण्यात सोडायची, मऊ कुंचल्याने मळ काढायची, पातळ खळीचा हात द्यायची आणि टीपकागदात घालून शिकंज्यात आवळायची. दोन दिवसांनी नोट अशी निघायची की जणू कोणाच्या हाताला लागलेलीच नाही. तो ती ‘न वापरलेली’ म्हणून विकायचा. सुरुवातीला एकदा तिने विचारलं होतं, की भावजी, हे खोटं नाही का. त्यावर तो म्हणाला होता, “फोटो काढायच्या आधी माणूस केस विंचरतोच की वहिनी. तेवढंच.”

मग तिने पुन्हा विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे आपल्याला ठाऊक नाही, अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली.

२

एके सकाळी एक म्हातारे शिंपी आले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान होतं, आता बंद. पाठ मशीनवर वाकून वाकून तशीच राहून गेलेली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक पुडी काढली, पुडीतून एक नोट. तीनदा दुमडून आठ पदर केलेली, काड्यापेटीएवढी. उलगडली तेव्हा घड्यांच्या रेघांतून पलीकडचा उजेड दिसत होता.

बायको सात महिन्यांपूर्वी गेली, असं त्यांनी सांगितलं. तिची रोजची पिशवी त्यांनीच शिवलेली. परवा ती उसवायला घेतली, तर अस्तराच्या आत, दोन बोटं जातील एवढी फट ठेवून, एक छोटा खिसा लावलेला निघाला.

“ती शिवण माझी नव्हती,” मास्तर म्हणाले. “टाका तिचा होता. आत ही.”

नोट जुन्या काळची होती, त्यांच्या लग्नाच्या वेळची. त्या काळी तेवढ्या पैशांत तिच्या माहेरच्या गावचं एक तिकीट यायचं. फक्त जाण्याचं. बेचाळीस वर्षं तिने ती मोडली नव्हती. घरात साखर नसेल तेव्हाही नाही, त्यांचं आजारपण निघालं तेव्हाही नाही.

हे सगळं ते टेबलाकडे बघत सांगत होते. कागदबाईने कामाचंच विचारलं, की नोट सपाट करून देऊ का, काचेत लावता येईल.

“नाही, नाही,” ते घाईने म्हणाले. “घड्या मोडू नका. ती रोज उघडायची आणि रोज परत घालायची, असं दिसतंय. त्या घड्या तिच्या आहेत. फक्त तुटू नये एवढं करा.”

आठ दिवसांनी या, असं तिने सांगितलं. ते जिना उतरताना कठड्यावर हात न ठेवता, पायरी मोजत उतरले.

३

संध्याकाळी दीर आला. मास्तरांची नोट काचेखाली ठेवलेली होती. तो चहा पिता पिता वाकला आणि कप खाली ठेवायचा विसरला.

नोटेचा नंबर एकापासून सहापर्यंत चढत्या ओळीत होता. असले नंबर शोधत माणसं देश पालथे घालतात, असं तो म्हणाला. या अवस्थेत तिला फारसं कोणी विचारणार नाही. पण घड्या गेल्या, तर एका गिऱ्हाइकाचं नाव त्याच्या जिभेवर तयार होतं.

तिने सांगितलं की नोट विकायची नाही, त्या माणसाच्या बायकोची आठवण आहे.

“आठवण त्यांच्या डोक्यात आहे वहिनी, नोटेत नाही,” तो म्हणाला. “माझ्याकडे ह्याच छापाच्या, ह्याच सालच्या मळक्या नोटा पडल्यात चिकार. एक घ्या, तीन घड्या घाला, जरा हाताळा. तुमच्या हाताला काय जड आहे? त्यांना आठवण मिळते, आपल्याला नंबर मिळतो. कोणाचं काय गेलं?”

ती नाही म्हणाली. तो हसला, उठला, आणि दाराशी जाऊन म्हणाला की तुमचा तो दात किती दिवस असाच ठेवणार आहात. यंदा करून टाकू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाणी कोमट केलं.

नोट पाण्यात पडल्यावर घड्यांतून फिकट तपकिरी मळ निघाला आणि खोलीत शिवणयंत्राच्या तेलाचा वास पसरला. पाणी ओतताना तिने तोंड फिरवलं. मोरीकडे बघायला तिला लाज वाटत होती, आणि मोरीकडे बघायची लाज कसली वाटायची, याचंही तिला हसू आलं.

४

शिकंजा तिने भिंतीला पाय लावून, दोन्ही हातांनी आवळला होता. दोन दिवसांनी दांडा सैल करायलाच तिला पाच मिनिटं लागली. वरची फळी काढली, वरचा टीपकागद उचलला.

नोट आठ पदरांत घडी करून ठेवलेली होती. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून.

कागदबाई घाबरली नाही. तिला आधी स्वतःचा राग आला. आपणच घडी घालून ठेवली आणि विसरलो, वय झालं. मग वाटलं, कागदाला आठवण असते. नवरा म्हणायचा तसं. एकदा मुडपलेला कागद ओला झाला की जुन्या वळणावर जायला बघतो. हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. पण वळणावर जायलाही जागा लागते, आणि शिकंज्यात केस सरकायला जागा नव्हती.

तिने खालचा टीपकागद उजेडात धरला. आठ पदरांचा जाड कागद दोन दिवस एवढ्या दाबाखाली राहिला, तर टीपकागदावर त्याचा खोल वळ उठायला हवा. कागद सपाट होता. त्यावर एका उलगडलेल्या नोटेएवढा ओलसर चौकोन तेवढा होता.

म्हणजे घडी आत्ता पडली होती. फळी उचलायच्या जरा आधी.

तिने तो विचार तिथेच मोडला. नोट पुन्हा ओली केली, पुन्हा आवळली. ह्या वेळी ती सपाट निघाली, काचेसारखी. दिराने ती चिमट्याने पाकिटात सरकवली आणि त्याच दुपारी नेली.

५

मास्तर ठरल्या दिवशी आले. तिने दुसरी नोट तयार ठेवली होती. हाडाच्या पट्टीने घड्या पाडल्या होत्या, रेघांवर मागून बारीक तलम कागद चिकटवला होता, कडांना मशीनच्या तेलाचं बोट लावलं होतं. हे शेवटचं कोणी सांगितलं नव्हतं. ते तिला आपसूक सुचलं, आणि पुढे आयुष्यभर तिला सगळ्यात जास्त लाज त्या एका बोटाची वाटत राहिली.

मास्तरांनी नोट हातात घेतली. डोळे मिटून पहिल्या घडीवरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या.

“छान झालंय,” ते म्हणाले. “उपकार झाले बाई.”

त्यांनी मजुरी विचारली. ती नको म्हणाली. त्यांनी आग्रह केला नाही. आले होते त्यापेक्षा ते भराभर जिना उतरले.

६

दिराने पैसे दिले आणि दात दोन फेऱ्यांत झाला. आरशात तोंड उघडून ती बघत बसे. दात चांगला होता, शेजारच्या दातांच्या रंगाशी मिळून गेला होता, आणि जीभ सारखी तिथे जात होती, घरात आलेल्या परक्या माणसाकडे लक्ष जावं तशी.

त्याच आठवड्यात तिने तो आवाज पहिल्यांदा ऐकला. दुपारचे तीन वाजले असतील. ती पुढच्या खोलीत डाळ निवडत होती. मागच्या खोलीतून कागदावरून नख ओढल्यासारखा आवाज आला, लांब. मग थांबून दुसरा, पहिल्याच्या निम्मा. मग तिसरा, त्याहून आखूड.

हा आवाज तिच्या रोजच्या कामातला. दुसऱ्या कोणाला कळला नसता, पण तिला कळलं: कोणीतरी घडी घालून ती नखाने दाबतंय, पुन्हा दुमडतंय, पुन्हा दाबतंय. प्रत्येक वेळी कड अर्धी होते, म्हणून आवाज अर्धा होतो.

ती आत गेली. कोणी नव्हतं. टेबलावर विजेचं बिल पडलं होतं, तीनदा दुमडून आठ पदर केलेलं.

पुढे ते रोजचंच झालं. कधी औषधाची चिठ्ठी, कधी कोरा टीपकागद. एकदा एका वकिलाचा जुना नकाशा, जो तिने सकाळीच सपाट करून ठेवला होता. त्याची घडी एवढी घट्ट होती की उलगडताना कोपरा फाटला, आणि वकिलाला तोंड देताना तिला खोटं बोलावं लागलं. खोटं आता तिला पटकन सुचत होतं.

खिडकीतून वारा येत असेल म्हणून तिने खिडकी बंद केली. आपणच झोपेत उठून करत असू म्हणून तिने दुपारची झोप सोडली. मग एक दिवस कोरा कागद टेबलावर ठेवून त्यावर जाड काच ठेवली, काचेवर शिकंज्याची लोखंडी फळी ठेवली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून बाहेर बसली. तीन वाजता आवाज आले, तिन्ही. कुलूप उघडून ती आत गेली. फळी जागेवर होती, काच जागेवर होती, आणि काचेखाली कागदाची इवलीशी घडी होती. काच तिच्यावर जराही कलली नव्हती.

खोली होती तशीच होती. फक्त स्टूल टेबलापासून थोडं मागे सरकलेलं होतं, कोणीतरी बसायला घेतल्यासारखं.

७

ती दिराकडे गेली आणि नोट परत आणा म्हणाली. तो हसायचा थांबला. नोट केव्हाच परदेशी गेली होती. गिऱ्हाईक खूश होतं. अजून एखादी असेल तर कळवा म्हणत होतं. तिने विचारलं, नोट ठीक आहे का, म्हणजे तिला घडीबिडी काही पडली का.

“घडी?” तो म्हणाला. “वहिनी, तुमच्या हातची नोट ती. जन्मात घडी पडायची नाही तिला.” मग तिच्याकडे नीट बघून त्याने आवाज खाली आणला. “तुम्हाला बरं नाहीये का?”

म्हणजे नोटेबरोबर काही गेलं नव्हतं. कागद तेवढा गेला होता. उरलेलं तिने स्वतःच्या हाताने धुऊन काढलं होतं, आणि ते तिच्याच घरात राहिलं होतं.

८

मास्तरांच्या घरी ती सकाळीच गेली. एकच खोली, मधोमध पडदा. पडद्याच्या अलीकडे शिवणयंत्र, पलीकडे खाट आणि चूल. मास्तरांनी खुर्ची पुसून दिली. ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगून टाकलं: नंबर, धुणं, दुसरी नोट, तेलाचं बोट. दातसुद्धा. सांगताना तिचा हात जुन्या सवयीने ओठांवर गेला होता.

मास्तर ऐकत होते. त्यांना राग आला नाही. तिने बोलायचं थांबवलं तेव्हा त्यांनी विचारलं, “दुपारी ऐकू येतं का?”

कागदबाई खुर्चीवर बसली.

“नोट बदललीत हे मला तिथेच कळलं होतं,” मास्तर म्हणाले. “आयुष्यभर इस्त्री फिरवली मी. एका दिवसात पाडलेली घडी आणि रोजची घडी, बोटाला फरक कळतो. मी बोललो नाही. घरी आलो, तीन वाजता कान देऊन बसलो. काही नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवलो बाई.”

मग त्यांनी सांगितलं. बायको होती तेव्हा रोज दुपारी पडद्याआड जायची, ते इकडे मशीनवर असायचे. धागा ओवायला पाय थांबला की तो आवाज यायचा. ती गेल्यावरही तो बंद झाला नाही. मग ते दुपारभर मशीन चालवत बसू लागले, सुईखाली कापड नसलं तरी. पिशवी त्यांनी उगाच उसवली नव्हती. त्या घरात काहीतरी दुमडलेलं आहे आणि ते कुठे आहे, ते शोधत होते.

“तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही का त्यांना, की काय करतेयस?” तिने विचारलं.

“सांगायला सांगेन, की वाटायचं बिलं आवरतेय,” मास्तर म्हणाले. “पण खोटं कशाला बोलू. मला काहीच वाटायचं नाही. बेचाळीस वर्षं.”

एकाने चोरी केली होती आणि दुसऱ्याने ती होऊ दिली होती, आणि कोणी कोणाला बोल लावावा हे दोघांनाही कळत नव्हतं. ती निघाली तेव्हा मास्तर दारापर्यंत आले.

“एक कराल का?” ते म्हणाले. “मी कधी उठून बघितलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मधे दारसुद्धा नव्हतं, नुसता पडदा होता. तुम्ही एकदा बघा. आवाज संपल्यावर नाही, चालू असताना.”

९

त्या दुपारी तिने कुलूप लावलं नाही. दार नुसतं लोटून ठेवलं आणि अनवाणी उभी राहिली. मन सांगत होतं, यात बघण्यासारखं काही नाही. उन्हाने कागद आखडतो, बस. दुसरं मन म्हणत होतं, मग उघडत का नाहीस.

पहिला आवाज आला, लांब. तिने दार ढकललं.

स्टुलावर एक बाई पाठमोरी बसली होती. किरकोळ बांध्याची, केस घट्ट बांधलेले. मांडीवर पिशवी असावी, पट्टा खांद्यावरून खाली गेलेला दिसत होता. त्या खोलीत कोणी चपला घालून येत नसे, पण तिच्या पायांत चपला होत्या, बंद लावलेल्या, आणि दोन्ही पावलं दाराच्या दिशेने वळवून ठेवलेली. बसलेल्या माणसाची पावलं तशी वळत नाहीत. उजवं कोपर हलत होतं. दुसऱ्या घडीचं नख निम्म्यावर आलं आणि थांबलं.

बाईची मान किंचित वळली. गाल दिसला, कान दिसला, कानामागची एक पांढरी बट दिसली. तेवढंच.

कागदबाईने रागाची तयारी ठेवली होती. शाप ऐकायची, किंकाळी मारायची, सगळ्याची. पण त्या वळलेल्या गालावर राग नव्हता. तो गाल हळूहळू लाल होत होता. खांदे आत ओढले गेले, हात लगबगीने मांडीवरच्या पिशवीत शिरला आणि तिथेच दडून राहिला. आपण काय लपवून ठेवलंय ते कोणीतरी पाहिलं, म्हणून ती बाई मेल्याहून मेल्यासारखी झाली होती.

कागदबाईने मान खाली घातली. “चुकलं माझं,” एवढं ती पुटपुटली, आणि कशाबद्दल म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्याच्या घरात चुकून उघडलेलं दार ओढून घ्यावं, तसं तिने ते दार हळूच ओढून घेतलं.

मग ती दाराला पाठ लावून उभी राहिली. आतून काही वेळ काहीच आलं नाही. मग राहिलेली दुसरी घडी पुरी झाली, अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये अशी. ती तिसऱ्या आवाजाची वाट बघत राहिली. ऊन भिंतीवरून सरकलं, खाली रस्त्यावरची दुकानं उघडली, तिचे पाय भरून आले.

तिसरा आवाज आला नाही. दाराच्या पलीकडे कोणीतरी श्वास रोखून बसलं होतं, आणि दाराला टेकलेली ही बाई इथून कधी जाते, याची वाट बघत होतं.